दोनशे रुपये आणि सात वर्षे

अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती विडीचा कट्टा, सिगारेट किंवा तंबाखूची पुडी ठेवणाऱ्या दुकानदाराला आपल्या देशात दोन निरनिराळ्या कायद्यांन्वये शिक्षा होऊ शकते, आणि त्या दोन शिक्षांमधील अंतर इतके मोठे आहे की, एकाच कृत्याचा विचार करून एकाच संसदेने 12 वर्षांच्या अंतराने त्या ठरविल्या, हे कायद्याची पुस्तके समोर उघडून ठेवल्याखेरीज कोणास खरे वाटू नये. 2003 सालच्या सिगारेट व अन्य तंबाखूजन्य उत्पादने अधिनियमाच्या कलम 6 ने अशी विक्री निषिद्ध केली आणि कलम 24 ने तिला जास्तीत जास्त 200 रुपये दंड सांगितला. 2015 सालच्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम 77 ने मात्र, वैद्याच्या आदेशावाचून मुलाला मद्य, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्या इसमास 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड फर्माविला. पहिल्या कायद्याने हा अपराध रस्त्यावर थुंकण्याच्या पंक्तीला बसविला. दुसऱ्याने त्याला गंभीर फौजदारी गुन्ह्यांच्या मालिकेत नेऊन ठेवले.

या दोन टोकांचा परिणाम जो व्हावयाचा तोच झाला. 200 रुपयांच्या दंडाची ज्याला भीती वाटावी असा विक्रेता शहरात तर नाहीच, पण आता खेड्यातही राहिलेला नाही. तो दंड तो सकाळच्या पहिल्या तासाच्या विक्रीतून भरून मोकळा होतो. उलट सात वर्षांच्या सक्तमजुरीचे कलम एखाद्या टपरीवाल्यावर लावावयाचे म्हटले, म्हणजे ज्या हवालदाराने पंचनामा करावयाचा त्याचाच हात आखडतो, ज्या मुख्याध्यापकाने फिर्याद द्यावयाची तो आपल्या शाळेसमोरच्या ओळखीच्या माणसाचा संसार उद्ध्वस्त करण्याचे पातक माथी घेण्यास धजत नाही, आणि चार पुड्यांसाठी एवढा खटला चालवावा असे न्यायासनासमोर सांगणाऱ्या सरकारी वकिलाची वाणीही अडखळते. जी शिक्षा कोणालाच बोचत नाही आणि जी द्यावयास कोणीच धजत नाही, अशा दोन शिक्षांच्या मधल्या मोकळ्या मैदानात आपल्या मुलांचे बाल्य उघडे पडलेले आहे. हे मैदान भरून काढण्याचे सामर्थ्य दिल्लीच्या किंवा मुंबईच्या विधिमंडळापेक्षा आपल्या नगरपालिकेत, महानगरपालिकेत आणि ग्रामपंचायतीत अधिक आहे, कारण दुकानदार ज्या गोष्टीला खरोखर जपतो ती गोष्ट, म्हणजे उभे राहण्याची जागा आणि विक्रीचा परवाना, या संस्थांच्या हातची आहे किंवा होण्याजोगी आहे.

कोणत्याही तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेच्या मधल्या सुट्टीत दहा मिनिटे फाटकाबाहेर उभे राहिले, तर या प्रश्नाचे सगळे अवयव एकाच दृष्टिक्षेपात दिसतात. पत्र्याची टपरी, पुढे फळीवर काचेच्या बरण्या, त्यांत लिमलेटच्या गोळ्या, चिक्की आणि चॉकलेटे. बरण्यांच्या वर, लहान मुलाच्या डोळ्यांच्या नेमक्या उंचीवर, रंगीत पुड्यांच्या माळा लोंबत असतात, आणि त्या माळांत सुगंधी सुपारीची पुडी व तंबाखूची पुडी शेजारी शेजारी अशी लावलेली असते की, 2012 सालापासून महाराष्ट्रात बंदी असलेला गुटखा दोन्ही फोडून तळहातावर एकत्र केल्याबरोबर सिद्ध व्हावा. खांबाला दोरीने बांधलेला लायटर असतो, कारण सुटी सिगारेट घेणारा काड्यापेटी घेत नाही. आणि सुट्या सिगारेटींची व विड्यांची विक्री या राज्यात सप्टेंबर 2020 पासून बंद आहे, ती याचसाठी की पाकिटावरचे कर्करोगाचे चित्र एका सुट्या नळीवर येत नाही व एका नळीची किंमत मुलाच्या खाऊच्या पैशांत बसते. केंद्राच्या नियमांप्रमाणे या टपरीवर, अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकणे हा दंडनीय अपराध आहे असे सांगणारा किमान 60 सेंटीमीटर रुंद व 30 सेंटीमीटर उंच फलक असला पाहिजे. तो क्वचित दिसतो. त्याच नियमांप्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीने तंबाखू हाताळूही नये आणि विकूही नये. पण वडील दुपारी भाकरी खावयास घरी गेले म्हणजे फळीमागे त्यांचा आठवीतला मुलगा बसतो, आणि विकणारा व घेणारा हे दोघे एकाच वर्गातले निघतात.

तंबाखू घेणारा अल्पवयीन नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने विक्रेत्यावर टाकलेली आहे, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांस ठाऊक आहे. शंका आल्यास त्याने वयाचा दाखला मागावा, असेही नियमांत म्हटले आहे. परंतु तो दाखला मागण्याची सवय विक्रेत्याला लागावी कशी? त्याच्यापुढे उभा राहणारा मुलगा बहुधा त्याच्या ओळखीचा असतो, आणि निम्म्या वेळा तो स्वतःसाठी आलेलाही नसतो. 'जा रे बाळा, कोपऱ्यावरून एक पुडी घेऊन ये आणि चुना सांगायला विसरू नकोस', हे वाक्य महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत आजही सहजपणे उच्चारले जाते; विदर्भात पुडीच्या जागी खर्रा येतो, पश्चिम महाराष्ट्रात मावा येतो, आणि आजीच्या मशेरीसाठीही नातवंडालाच पिटाळले जाते. बापाने पाठविलेल्या मुलाला पुडी देणे हाही कायद्याच्या दृष्टीने तोच अपराध होय, आणि माझ्या मते तो तसाच असावा. कारण आठव्या वर्षी बापासाठी आणलेली पुडी दहाव्या वर्षी वाटेत थोडी फोडून पाहिली जाते, हा अनुभव कोणत्याही शिक्षकाला विचारावा.

2019 साली भारतात झालेल्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत 13 ते 15 या वयातील विद्यार्थ्यांची पाहणी झाली. तीत शंभरांपैकी साडेआठ मुले कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू सेवन करीत असल्याचे आढळले; आणि धूरविरहित तंबाखू खाणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांनी ती आपल्या दहाव्या वाढदिवसापूर्वीच प्रथम तोंडात घेतली होती. दहा वर्षांचा मुलगा म्हणजे चौथी-पाचवीतला मुलगा. त्याला मोटारसायकल नाही, परगावी जाण्याची मुभा नाही, त्याच्या खिशात पाच-दहा रुपयांपलीकडे काही नाही. तो जे विकत घेतो ते घर आणि शाळा यांच्यामधल्या वाटेवर विकत घेतो. म्हणजे या व्याधीचे उगमस्थान शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. ते एखाद्या प्रभागाच्या, एखाद्या वाडीच्या हद्दीत, पायी पाच मिनिटांच्या अंतरात सापडते, आणि एवढ्या लहान क्षेत्राचा कारभार पाहण्यासाठीच तर आपण स्थानिक स्वराज्य संस्था निर्माण केल्या.

शाळेभोवती 100 यार्डांच्या, म्हणजे सुमारे 91 मीटरांच्या परिघात तंबाखूची विक्री होऊ नये असेही 2003 च्या कायद्याने ठरविले आहे, आणि ते अंतर लोकांच्या डोळ्यांपुढे राहावे म्हणून रस्त्यावर पिवळी रेषा आखावी, असे केंद्रीय आरोग्य खात्याच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. काही शाळांनी ती मोठ्या हौसेने आखलीही आहे. पण रेषा आखणारी शाळा आहे, रस्ता नगरपालिकेचा आहे, दंड करण्याचा अधिकार पोलिसांचा व अन्न व औषध प्रशासनाचा आहे, आणि टपरीखालची जागा बहुधा कोणाचीच नाही, म्हणजे अतिक्रमण खात्याच्या दप्तरात ती आज आहे व उद्या नाही. अशा चौघांच्या मधोमध ती रेषा एका पावसाळ्यात धुऊन जाते आणि पुन्हा आखण्याची तजवीज कोणी करीत नाही. तंबाखूविक्रीचा स्वतंत्र परवाना आपल्या राज्यात टपरीवाल्याला कोणी देत नसल्यामुळे तो काढून घेण्याची धमकीही कोणास देता येत नाही.

आता मद्याकडे वळावे, म्हणजे हीच विसंगती उलटी होऊन समोर येते. मद्यविक्रीला परवाना आहे, त्याची शुल्के आहेत, नोंदवह्या आहेत, निरीक्षक आहेत. परंतु तो परवाना राज्याच्या उत्पादन शुल्क खात्याचा व जिल्हाधिकाऱ्यांचा. 1878 च्या मुंबई आबकारी कायद्यापासून दारूचा महसूल हा सरकारच्या तिजोरीचा एक मोठा आधार राहिला, आणि ज्या गावात ती विकली जाते त्या गावाची भूमिका तेव्हापासून प्रायः अर्जदाराचीच राहिली. आपल्या नगरपालिकांनी हे मुकाट्याने सोसले असे मात्र नव्हे. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना जोतीराव फुले यांनी 1880 साली शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध नगरपालिकेकडे लेखी हरकत घेतली होती. मूठभर मतदार आणि सरकारनियुक्त सभासद यांच्या त्या अल्पाधिकारी संस्थेत बसूनही शहराचे आरोग्य आणि शहरातील गुत्ते यांचा संबंध त्यांना स्पष्ट दिसत होता, आणि तो सरकारदरबारी मांडणे हे नगरपित्याचे कर्तव्यच आहे अशी त्यांची धारणा होती. पुढे 1908 साली लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने पुण्यातील स्वयंसेवकांनी दारूच्या दुकानांपुढे उभे राहून गिऱ्हाइकांना परत फिरविण्याची चळवळ केली. आजच्या महानगरपालिकेपाशी त्या काळच्या नगरपालिकेच्या शतपट पैसा व अधिकार आहेत. परंतु आपल्या हद्दीतील मद्यालये व मुले यांचा संबंध काय, हा विषय आपल्या कार्यपत्रिकेवर आहे असे तिला स्वतःहून क्वचितच वाटते.

महाराष्ट्राचा 1949 चा दारूबंदी कायदा, ज्याच्या अंमलाने 1950 च्या एप्रिलमध्ये तत्कालीन मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली, तो अद्यापि जिवंत आहे. त्याच्या सांगाड्यावरच आजची परवान्यांची व्यवस्था उभी आहे. त्या व्यवस्थेप्रमाणे या राज्यात बिअर व वाइन पिण्यास 21 वर्षे आणि इतर मद्य पिण्यास 25 वर्षे पूर्ण व्हावी लागतात, व पिणाऱ्यापाशीही परवाना असावा लागतो. देशातील सर्वांत कडक वयोमर्यादांपैकी ही एक. पण दुकानाच्या काउंटरवर तिचे काय होते, हे सर्वांस विदित आहे: एका दिवसाच्या परवान्यांची पुस्तके नोंदवही पुरी करण्यासाठी भरली जातात, गिऱ्हाइकाचे नाव विचारले जात नाही, मग वय कोठून विचारले जाणार. ज्या नोंदीने मुलाला दाराबाहेर थांबवावयाचे, तिच्या आधारेच त्याला झालेली विक्री कागदोपत्री नियमित होऊन जाते.

या शैथिल्याची किंमत किती असू शकते, ते 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात दिसले. 17 वर्षांचा मुलगा चालवीत असल्याचा आरोप असलेल्या एका भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले, आणि त्यापूर्वी त्या मुलाला दोन ठिकाणी मद्य दिले गेल्याचे पुढे आल्यावर तेथील मालक व कर्मचारी यांना बाल न्याय कायद्याच्या कलमांखाली अटक झाली. जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकमाने ती ठिकाणे मोहोरबंद झाली. आणि मग, काही दिवसांतच, महानगरपालिकेनेही शहरातील पबांच्या अनधिकृत बांधकामांवर हातोडा चालविला. मला या शेवटच्या कारवाईकडे वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. गच्चीवर उभारलेल्या छपरांचा व मोकळ्या जागेत पसरलेल्या बैठकांचा नकाशा मंजूर होता की नव्हता, हे महानगरपालिकेला त्या पहाटेच्या आधीही कळू शकत होते. परवाना राज्याचा असला तरी इमारत, अग्निशमनाची व्यवस्था, उपाहारगृहाचे आरोग्य हे सारे तिच्याच अखत्यारीत येते. त्या अधिकारांचा उपयोग दोन जीव गेल्यानंतर आणि सारे राज्य संतप्त झाल्यानंतर झाला. 25 वर्षांखालील गिऱ्हाइकाला मद्य देणाऱ्या जागेची तपासणी करून तसा अहवाल जिल्हाधिकाऱ्यांना पाठविणे हे जर प्रभाग कार्यालयाचे नियमित काम असते, तर निदान त्या रात्री दारात उभ्या असलेल्या माणसाने वय विचारले असते, असे मानावयास जागा आहे.

मद्याच्या बाबतीत जनतेला एक अधिकार आपल्या राज्याने दिला आहे, आणि तो गौरवास्पद आहे. 2008 च्या आदेशाप्रमाणे एखाद्या गावातील किंवा प्रभागातील एकचतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली, तर गुप्त मतदान घेतले जाते आणि बहुमत आडव्या बाटलीला मिळाले तर दुकान बंद होते. आडवी बाटली व उभी बाटली या दोन चित्रांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील स्त्रियांना जेवढे राजकीय शिक्षण दिले तेवढे कित्येक निवडणुकांनी दिले नसेल. नवऱ्याच्या नव्हे, तर वयात येऊ लागलेल्या मुलाच्या काळजीने रांगेत उभ्या राहिलेल्या आया त्या मतदानात पुष्कळ असतात. पण या बहुमताची व्याख्या पाहा. झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून अधिक मते पुरत नाहीत. यादीतील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. याचा अर्थ असा की, ऊसतोडीला परजिल्ह्यात गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली, लग्न होऊन सासरी गेली तरी जिचे नाव यादीत राहिले ती, आणि जी गेल्या वर्षी मरण पावली परंतु तलाठ्याच्या व निवडणूक शाखेच्या कागदांत अजून आहे ती सुद्धा, अशा सगळ्या जणी दुकान चालू ठेवण्याच्या बाजूने मोजल्या जातात. आमदार, खासदार, सरपंच यांपैकी कोणालाही निवडून येण्यासाठी ही अट नाही. दारूच्या दुकानालाच हे अभय का असावे, याचे समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही, आणि ही अट झालेल्या मतदानाच्या बहुमतावर आणणे, एवढी एकच दुरुस्ती सरकारने केली तरी पुष्कळ गावे आपला निर्णय आपण घेऊ शकतील.

तंबाखूच्या बाबतीत करावयाचे काम याहून सोपे आहे, कारण तेथे कोणाचा परवाना हिरावून घ्यावयाचा नसून तो प्रथमच सुरू करावयाचा आहे. सप्टेंबर 2017 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सर्व राज्यांना पत्र लिहून असे सुचविले होते की, तंबाखूच्या किरकोळ विक्रीस स्थानिक संस्थांमार्फत अधिकृत परवानगीची पद्धत बसवावी, आणि ज्या दुकानाला ती मिळेल तेथे गोळ्या, चॉकलेटे, बिस्किटे, चिप्स, थंड पेये असे मुलांना ओढून नेणारे जिन्नस विकू देऊ नयेत. हिमाचल प्रदेशाने तर त्यापूर्वीच, 2016 साली, सुट्या विक्रीस बंदी व किरकोळ विक्रेत्यांची नोंदणी यांविषयी स्वतंत्र कायदा केला. पुढे लखनौच्या महापालिकेनेही विक्रेत्यांना परवाना आवश्यक केला. शेजारच्या कर्नाटकाने नुकतीच खरेदीची वयोमर्यादा 21 वर नेली आणि दंड 1,000 रुपयांपर्यंत वाढविला. हुक्का पार्लरांवर 2018 साली कायदा करून बंदी घालणाऱ्या आणि सुटी सिगारेट बंद करणाऱ्या महाराष्ट्राने या एका बाबीत मागे राहावे, हे आपल्या परंपरेला साजेसे नाही.

हा परवाना कसा असावा, याविषयी माझे म्हणणे थोडक्यात असे. महानगरपालिका अधिनियमाने आरोग्यास अपायकारक व्यवसायांना परवान्याखाली आणण्याचा अधिकार पालिकांना दिलेला आहेच. 2014 च्या पथविक्रेता अधिनियमाने रस्त्यावरील विक्रेत्याला जे विक्री प्रमाणपत्र मिळते त्यातही अटी घालता येतात. आणि 74 व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य हा विषय नागरी संस्थांच्या कार्यक्षेत्रात स्पष्टपणे गणला आहे. या आधारांवर पालिकेने उपविधी करून तंबाखूविक्रीस वेगळी परवानगी आवश्यक करावी, ती शाळेपासून ठरलेल्या अंतराच्या आत देऊ नये, तिचा क्रमांक टपरीवर ठळक लावावा, आणि अल्पवयीन मुलास विक्री केल्याचे आढळल्यास पहिल्या खेपेस महिनाभर, दुसऱ्या खेपेस सहा महिने व तिसऱ्या खेपेस कायमची ती परवानगी रद्द करावी. 200 रुपये भरून सुटणारा विक्रेता महिनाभर तंबाखू विकता येणार नाही म्हटल्यावर मुलाला 'तू नको, बाबांना पाठव' असे सांगावयास शिकेल. आणि सात वर्षांच्या शिक्षेचे कलम, जेथे कोणी जाणूनबुजून मुलांना व्यसनाच्या धंद्यात ओढतो, अशा खऱ्या दुष्टाव्यासाठी राखून ठेवता येईल.

स्थानिक संस्थेने अशा विषयात पुढाकार घेतला तर काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स राज्यात आहे. बोस्टनजवळच्या नीडहॅम या सुमारे तीस हजार वस्तीच्या नगराच्या आरोग्य मंडळाने 2005 साली, राज्याची मर्यादा अठराची असताना, आपल्या हद्दीत तंबाखू विकत घेण्याचे वय 21 केले. शेजारच्या गावांत जाऊन मुले सिगारेट आणतील, मग या नियमाचा उपयोग काय, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. पुढे झालेल्या पाहणीत दिसून आले की, 2006 ते 2010 या अवधीत तेथील माध्यमिक शाळांतील धूम्रपान करणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे 13 टक्क्यांवरून 7 टक्क्यांच्या आसपास आले, तर शेजारच्या गावांत ते सुमारे 15 वरून 12 पर्यंतच उतरले. मुलगा पाच मैल दूर जाऊन सिगारेट आणू शकतो, पण बहुतेक मुले तसे करीत नाहीत. जवळ मिळते म्हणूनच ती घेतात. एका नगराने केलेला हा नियम पुढे शेकडो नगरांनी उचलला, आणि 2019 च्या डिसेंबरमध्ये तो सबंध अमेरिकेचा कायदा झाला. तेथील केंद्र सरकारला जे करावयास 14 वर्षे लागली, ते एका लहान गावाच्या आरोग्य मंडळाने आपल्या अधिकारात आधी करून दाखविले होते.

याविरुद्ध जे आक्षेप येतात त्यांपैकी टपरीवाल्याच्या पोटाचा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. पत्र्याच्या त्या चार फुटांत एक कुटुंब जगते. त्याच्यामागे भांडवल नाही, संघटना नाही, आणि तंबाखूच्या कारखानदाराला जे संरक्षण आहे त्याचा अंशही त्याला नाही. म्हणून नवा परवाना त्याला न विचारता, एका रात्रीत, अतिक्रमणविरोधी गाडी घेऊन येता कामा नये. वर्षभराची मुदत द्यावी. शाळेजवळच्या टपरीला चहा, फळे, वह्या-पेन्सिली यांसाठी तीच जागा कायम करून द्यावी, म्हणजे तंबाखू सोडण्याच्या बदल्यात त्याला आजवर कधीच न मिळालेली जागेची निश्चिती मिळेल. आणि परवान्याची फी नाममात्र ठेवावी. फीविषयी मी आग्रहाने लिहितो, कारण राज्य सरकारची जी गत मद्याच्या महसुलाने केली तीच पालिकेची तंबाखूच्या फीने होऊ नये. ज्या उत्पन्नावर अंदाजपत्रक टेकते ते उत्पन्न कमी करण्याचे धैर्य पुढे कोणत्याही सभागृहाला होत नाही.

दुसरा आक्षेप हप्त्याचा. परवाना आला म्हणजे तो देणारा आला, आणि देणाऱ्याचा हात आला, असे लोक म्हणतात, व त्यांचा अनुभव पाहता त्यांना दोष देता येत नाही. यावर उपाय एकच, तो म्हणजे उजेड: परवान्यांची पूर्ण यादी, पत्त्यांसह आणि झालेल्या कारवाईसह, प्रभाग कार्यालयाच्या व ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेली असावी, आणि शाळा व्यवस्थापन समितीला तक्रार नोंदविण्याचा व पंधरा दिवसांत तिचा निकाल मागण्याचा हक्क असावा. मुख्याध्यापकांना आजही एकट्याने टपरीवाल्याशी वैर घेण्याचे भय वाटते. पालकांच्या समितीने ठराव करून पाठविला तर ते भय बरेच कमी होते.

खेड्यांत हे अधिक सुलभ आहे, याचा दाखला गडचिरोलीने दिला आहे. 1993 पासून दारूबंदी असलेल्या त्या जिल्ह्यात 2016 नंतर 'मुक्तिपथ' या अभियानात अनेक गावांनी ग्रामसभा भरवून दारूबरोबरच खर्ऱ्याविरुद्धही ठराव केले, आणि दुकानदारांशी बोलून, प्रसंगी दंड ठरवून, ते पाळून घेतले. सरकारी हुकमाने जे दारूबंदीत वर्षानुवर्षे पुरतेपणी साधले नाही, त्याला गावाच्या स्वतःच्या ठरावाची जोड मिळाल्यावर बळ आले. पुणे-मुंबईच्या प्रभागांत ग्रामसभेसारखी ओळख उरलेली नाही हे खरे. पण शाळा उरली आहे, तिची पालकसभा उरली आहे, आणि नगरसेवक मते मागावयास दारी येतो ही रीतही उरली आहे.

म्हणून वाचकांस माझी विनंती आहे. आपल्या प्रभागातील किंवा गावातील शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकणारी किती दुकाने आहेत, त्यांपैकी किती पालिकेच्या जागेवर उभी आहेत, आणि गेल्या वर्षभरात अल्पवयीन मुलांस विक्री केल्याबद्दल त्यांपैकी किती जणांवर कारवाई झाली, हे तीन प्रश्न आपल्या नगरसेवकास किंवा सरपंचास लेखी विचारावेत, व तंबाखूविक्रीच्या स्वतंत्र परवान्याचा उपविधी पुढील सर्वसाधारण सभेच्या कार्यपत्रिकेवर घेण्याची मागणी त्याच अर्जात करावी. अर्जाची पोच अवश्य घ्यावी.